चार पिस्टनचे ब्रेक आणि संपत धुमाळचा अर्धा हिस्सा

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मी, बद्रीनाथ नागोराव इंगोले, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा वाहनांच्या ब्रेकचे काम, मूळ गाव मौजे टाकळी, जिल्हा वाशीम, सध्या राहणार बिबवेवाडी, पुणे, असे लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे मी आज स्वतः ठरवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि कोणी धाक दाखवलेला नाही. कोणताही आजार मला नाही. कागद माझा, अक्षर माझे. याआधी असा कागद मी केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे जुने काही नाही.

एवढ्या लवकर हे कशाला, असे वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून कारण सांगतो. येत्या रविवारी, ३० नोव्हेंबरला, मी माझी लाल गाडी शहराबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर ताशी एकशे साठच्या वेगाने पळवणार आहे आणि मग थांबवणार आहे. पळवण्याचे मला विशेष नाही. थांबवण्याचे आहे. गाडीला नवे ब्रेक बसले आहेत आणि गेले पंधरा दिवस मला दुसरे काही सुचत नाही. जेवताना मी ताटातली वाटी सरकवून घरच्यांना दाखवतो, आधी गाडी इथपर्यंत जायची, आता इथेच थांबेल. हेमा म्हणते, "आमटी सांडू नका, बाकी काय ते कळलं."

धावपट्टीवाल्यांनी एक फॉर्म भरून घेतला. त्यात शेवटी 'वारस' अशी ओळ होती. तिथे मी पत्नीचे नाव लिहिले आणि पेन थांबले. घराची वारस हेमा, हे ठीक. पण ज्या गाडीसाठी हा फॉर्म, तिचा वारस कोण? ती गाडी निम्मी माझी नाहीच. ती संपत बाळू धुमाळ याची आहे. आठ वर्षांपूर्वी मी त्याच्यावर एक आरोप केला आणि तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. तो आरोप खोटा होता, हे मला गेल्या महिन्यात कळले. माझे काही बरेवाईट झाले तर हे सांगणारा कोणी उरणार नाही. या कागदाचे खरे काम तेवढे आहे. बाकीची कलमे रीतीप्रमाणे.

कलम १. घर.

बिबवेवाडीतील दोन खोल्यांचे घर माझी पत्नी सौ. हेमा हिला. देव्हाऱ्यातला मारुती माझ्या आईने, कै. मथुराबाईने, टाकळीहून पदरात बांधून आणला होता. त्याला देव्हाऱ्यातून हलवू नये. घराला रंग देताना फार तर वर कापड टाकावे.

कलम २. बँकेतील ठेव आणि विमा.

हेही हेमाला. तिला विचारूनच केले होते, त्यामुळे तिला सगळे ठाऊक आहे. माझ्यापेक्षा जास्तच ठाऊक आहे.

कलम ३. हत्यारे.

मार्केट यार्डाजवळचे गॅरेज भाड्याचे आहे, ते मला देता येणार नाही. आतली हत्यारे मात्र माझी आहेत आणि ती माझी मुलगी पूर्वा हिला. ती इंजिनिअर झाली आहे आणि ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत कामाला लागली आहे. तिथे यंत्रे आहेत, पण माझे जुने पाने तिच्या हाताला बसतात, हे मी पाहिले आहे.

मी वयाच्या विसाव्या वर्षी, दहावी पास आणि पुढे काही नाही अशा स्थितीत, या शहरात आलो. मार्केट यार्डात येणाऱ्या ट्रक-टेम्पोंच्या ब्रेकना लायनर, म्हणजे चाकाला घासून ते थांबवणाऱ्या पट्ट्या, ठोकायचे काम मिळाले. तेच करत राहिलो. घाट उतरून कांद्याचा ट्रक आला की मी चाकाजवळ हात नेतो आणि ड्रायव्हर भित्रा आहे की बेफिकीर ते सांगतो. शाळेत आमचे गुरुजी म्हणत की बद्रीनाथ वर्गात खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर उतार होता आणि त्यावरून बैलगाड्या उतरत. गाडीवान चाकाला लाकडाचा दांडा लावून वेग कसा आवरतो, ते मी बघत असे. म्हणजे तेव्हाही मी अभ्यासच करत होतो, असे आता वाटते.

कलम ४. गाडी.

लाल रंगाची, चार दरवाजांची, २००६ सालची. एका गिऱ्हाइकाने अपघातानंतर भंगारात काढली होती. २०१४ साली ती मी आणि संपतने मिळून घेतली. कागदोपत्री ती एकट्या माझ्या नावावर आहे, कारण त्या दिवशी आरटीओत यायला संपतला जमले नाही. एवढेच कारण, दुसरे नाही.

संपत खेड शिवापूरकडचा. गॅरेजात माझा भागीदार, इंजिनचे काम तो करी, ब्रेकचे मी. कायद्याच्या कागदात 'त्यांनी' असे लिहावे म्हणून मी तीनदा लिहून खोडले. त्याला मी 'तो'च म्हणत आलो आहे. बॉनेटवर तळहात ठेवून इंजिनात काय दुखते ते त्याला कळे. या गाडीचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन त्याने टर्बो बसवून दोनशे दहावर नेले. पहिल्यांदा चालू केले तेव्हा शेजारच्या गोदामातले हमाल बघायला आले.

संपत मला म्हणाला, "माझं झालं, बद्री. आता तुझं काम. न्हायतर ही बया आपल्या दोघांना घिऊन सरळ वरच जाऊन थांबायची."

गाडी पळाली की लोक त्याच्याकडे बघत. गाडी थांबली की माझ्याकडे कोणी बघत नसे. त्याचे मला वाईट वाटे. हे आधी कधी लिहिले किंवा बोललो नव्हतो, पण पुढचे समजायला ते लागेल.

कलम ५. कबुली.

२०१७ च्या खंडेनवमीला आम्ही पुढच्या दोन्ही चाकांना नव्या, भोके पाडलेल्या मोठ्या डिस्क आणि नवे पॅड बसवले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे तुकडे, हे वकीलसाहेबांच्या माहितीसाठी. पॅड संपतने आणले होते.

काम संपल्यावर हत्यारांची पूजा केली. मी मारुतीचा माणूस, शेंदूर तेलात कालवून ठेवलेला होता. कोरडे कुंकू उडून जाते, शेंदूर टिकतो, म्हणून उजव्या चाकाच्या नव्या डिस्कवर मी बोटाने स्वस्तिक काढले. हात जरा सैलच होता. डावीकडे काढले नाही. शुभ काम उजवीकडून करायचे आणि एकदाच करायचे, अशी आमच्याकडची रीत. मग चाक चढवले.

वीस वर्षे मी ड्रायव्हरांवर ओरडत आलो होतो की लायनरला तेलाचा थेंब लागता कामा नये. त्याच मी नव्या डिस्कवर तेल माखले. मला ते तेल वाटलेच नाही. मला तो देव वाटला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चाकणच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातील सरळ रस्त्यावर आम्ही गाडी नेली. ओळखीचे पंधरा जण बघायला आले होते. मी चालवत होतो, संपत शेजारी. एकशे दहाला मी ब्रेक दाबला. डाव्या चाकाने धरले, उजवे तसेच फिरत राहिले. गाडी डावीकडे ओढली गेली आणि मुरमाच्या ढिगात शिरली. डावी बाजू चेपली. डाव्या बाजूला संपत होता. डॅशबोर्डवर टेकवलेला त्याचा उजवा हात मनगटात मोडला.

मी उतरलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "नकली पॅड आणलेस तू! माझा जीव घेणार होतास."

संपत मनगट धरून उभा होता. तो म्हणाला, "दोन्ही चाकांचं पॅड एकाच डब्यातलं हाय. मग डावं कसं धरलं?"

प्रश्न बरोबर होता. ब्रेकचे काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न आधी पडायला हवा होता. पण ब्रेक माझे होते, लोक बघत होते, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते. मी मारुतीची शपथ घेऊन म्हणालो की माझ्या हातात चूक नाही.

संपत पुन्हा गॅरेजात आला नाही. पाटीवरचे त्याचे नाव मी रंग मारून झाकले. मनगट जोडले गेले, पण जड काम त्या हाताने होईना, म्हणून त्याने कोथरूडला स्कूटर दुरुस्तीचे लहान दुकान टाकले, असे कानावर आले. चेपलेली बाजू मी पत्रेवाल्याकडून ठोकून घेतली, पण चाके उघडली नाहीत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेली.

(ताडपत्री आता लागणार नाही. ती सोसायटीचे सेक्रेटरी श्री. बाळ दामले यांना द्यावी. त्यांनी गाडीवर चिकटवलेली सूचना मी जपून ठेवली आहे: "ही पार्किंगची जागा आहे, वस्तुसंग्रहालयाची नव्हे. प्रवेशमूल्य घेत असल्यास सोसायटीला हिस्सा द्यावा." सूचनाही त्यांनाच परत करावी.)

यंदा पूर्वा नोकरीला लागली आणि माझ्या मागे लागली. "बाबा, लोक गाडी चालवतात, नाहीतर विकतात. तुम्ही तर हिची समाधी बांधलीय. प्रॉपर ब्रेक अपग्रेड करू या, पार्ट्स मी सिलेक्ट करते." तिने सामान मागवले. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही जुने ब्रेक उतरवायला बसलो.

डावे पॅड राखाडी, कोरडे, जसे असावे तसे. उजवे काळे आणि काचेसारखे चकचकीत. त्यांच्या कडांना केशरी खरड. डिस्कच्या भोकांत तेच, वाळून घट्ट बसलेले. भोकांत तेल साठून राहिले होते आणि ब्रेक दाबला तसे पॅडवर उतरले होते. पॅड उलटून पाहिले. दोन्हीकडे कंपनीचा खरा शिक्का, एकच क्रमांक.

पूर्वा म्हणाली, "बाबा, हे ऑरेंज काय आहे? गंज असा नसतो."

मी म्हणालो, "गंजच आहे." मुलीशी खोटे बोललो. ते मी त्याच दिवशी संध्याकाळी दुरुस्त केले, तिला आणि हेमाला सगळे सांगितले. हेमाने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आता मला नका सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांगा." ते मात्र महिनाभर झाले नाही.

देवाकडे माझी तक्रार नाही. त्याने डिस्कवर तेल मागितले नव्हते.

कलम ६. नवे ब्रेक.

हे कलम वाटणीचे नाही. तरी लिहितो, कारण ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला तिच्यात काय आहे ते कळले पाहिजे. आणि खरे सांगायचे तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पुढे तीनशे तीस मिलिमीटरच्या डिस्क. जेवणाच्या ताटाएवढ्या म्हणायला हरकत नाही. मूळ गाडीत एका बाजूने एकच पिस्टन पॅडला ढकलत असे. आता चार, दोन इकडून आणि दोन तिकडून, त्यामुळे पॅड सगळीकडे सारखा टेकतो. हे पिस्टन धरणारे जबडे या गाडीचे नव्हेत, म्हणून ते बसवायला जाड पट्ट्या भोसरीतल्या लेथवर कापून घेतल्या. दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा केसभरही फरक नव्हता आणि लेथवाल्याने स्वतःहून चहा मागवला. मोठ्या डिस्कवर जुनी चाके बसेनात म्हणून चाके बदलली. मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या, म्हणजे दाबल्यावर फुगत नाहीत. ब्रेक ऑइल लवकर न उकळणारे. पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर कसा वाटावा याचे गणित पूर्वाने केले. मी ते पायाने तपासले. दोघांचे उत्तर जुळले.

नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. पूर्वा कामावर गेली होती, म्हणून हेमाला गाडीत बसवले. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण ती ड्रायव्हरच्या जागी प्रथमच बसली.

"दाब," मी चाकाशेजारून म्हणालो. "धर. सोड. पुन्हा दाब."

"अहो, किती वेळा? माझी भाजी गॅसवर आहे."

"हवा संपेपर्यंत. धर, धर!"

"धरलंय. तुमच्यासारखी सोडून जात नाही मी मधेच."

मग एकदम ती म्हणाली, "अहो, हे आता खाली जातच नाही. दगड झालाय."

मी चाकाशेजारी जमिनीवरच बसून राहिलो. इतका घट्ट पेडल मी माझ्या कामात कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने गाडी नेली आणि बोटभर दाबले. मागच्या सीटवरचे हेल्मेट पुढे येऊन पडले. पूर्वा ओरडली. मीही ओरडलो असे ती सांगते.

नवे ब्रेक बसल्यावरची पूजा बॉनेटवर केली. कोरडे कुंकू, एक फूल. मग हात साबणाने धुतले आणि चारही डिस्क स्पिरिटने पुसल्या. पुढे जो कोणी या गाडीची पूजा करील त्याने हाच क्रम ठेवावा.

रविवारी आधी शंभरवरून वीसपर्यंत दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, म्हणजे नवे पॅड डिस्कला रुळतात. मग वीस मिनिटे गाडी थंड होऊ द्यायची. मग एकशे साठ, आणि शून्य. गाडीला रस्त्यावर परवानगी नाही, ती ट्रेलरवरून न्यायची आहे. याखेरीज मला कुठलीही काळजी नाही. मी जत्रेला निघालेल्या पोरासारखा झालो आहे.

कलम ७. गाडीची वाटणी.

सदर गाडी, नव्या ब्रेकसह, सर्व हक्कांसह, माझ्या पश्चात संपत बाळू धुमाळ याला द्यावी. सोबत कलम ५ ची एक प्रत त्याला वाचून दाखवावी. दसऱ्याला हजर असलेल्या पंधरा जणांपैकी जे सापडतील त्यांनाही दाखवावी. माझ्या वारसांनी यावर तक्रार करू नये.

येथपर्यंत सोमवारी आणि मंगळवारी लिहिले. पुढचे नंतरचे आहे.

कलम ८. पुरवणी.

बुधवारी हा कागद घेऊन मी बुधवार पेठेत ॲड. यज्ञेश्वर सोवनी यांच्याकडे गेलो. गॅरेजच्या भाडेकराराचे काम ते बघतात. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून, सगळे वाचले. कलम ७ ला थांबले.

"इंगोले, हे धुमाळ कुठे असतात?"

"कोथरूडला."

"म्हणजे बसने अर्धा तास. त्यांना हे सांगितलंत?"

"नाही. म्हणून तर लिहिलं आहे."

"अस्सं. म्हणजे माफी आपण मेल्यावर मागणार. उत्तर ऐकायला लागत नाही, हा मोठाच फायदा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "कायद्याने यात काही गैर नाही. शुक्रवारी दोन साक्षीदार घेऊन या."

मी जिना उतरलो तो दगडूशेठच्या रांगेच्या टोकाशी. आत गेलो नाही, बाहेरूनच हात जोडले. मी काही मागितले नाही. वकिलांनी जे सांगितले तेच देवाने सांगितले असते, एवढे मला कळत होते.

गुरुवारी सकाळी मी कोथरूडला गेलो. खिशात उजव्या चाकाचा एक पॅड, रुमालात गुंडाळलेला. संपतच्या दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. त्याचे केस पांढरे झाले आहेत. त्याने मान वर केली आणि मला ओळखले, पण दाखवले नाही.

"स्कूटर कुटाय?" तो म्हणाला.

"स्कूटर आणली नाही."

"मग हितं काय काम? हितं फकस्त दुचाकी."

मी रुमाल सोडून पॅड त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला.

"शेंदूर," तो म्हणाला.

"हो."

"आठ वर्सं लागली तुला ह्ये चाक उघडायला?"

"तुला ठाऊक होतं?"

"दवाखान्यात न्यायच्या आधी चाकाच्या फटीतनं बघितलं म्या. डिस्क केशरी झालती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मारुतीची शपथ घिऊन मोकळा झालास, पंधरा माणसांत. आता तुला खोटं म्हणावं तर देव मधी येतो. म्हटलं, चाक काढंल तवा कळंल त्याचं त्याला. मला वाटलं, आठवडाभर लागंल." त्याने पॅड उलटून पाहिला. "मग वाटलं, महिना. मग सोडलं म्या वाट बघायचं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली, संपत. पॅड खरे होते. तू खरा होतास."

"ऐकू येईना. त्या दिवशी लई मोठ्यानं बोललावतास."

तेव्हा मी दुकानाच्या मध्यभागी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो की २०१७ च्या दसऱ्याला मी या माणसावर नकली माल आणल्याचा आळ घेतला, तो खोटा होता, चूक माझ्या हाताची होती आणि शपथही खोटी होती. आवाज रस्त्यापर्यंत गेला. पलीकडच्या क्लासमधून निघालेली मुले थांबून बघू लागली. दुकानातल्या एक बाई, हातात भाजीची पिशवी, मला म्हणाल्या, "अहो, ते सगळं ठीक आहे. पण आमची स्कूटर आज मिळणार आहे का, ते विचारा ना त्यांना."

संपत हसला. आधी नाकातल्या नाकात, मग थांबेचना. आठ वर्षांनी ते हसू मी ऐकले आणि मला तिथेच रडू फुटले. बाईंनी पिशवी खाली ठेवून मला पाणी दिले. त्यांची स्कूटर संपतने आधी दिली.

मग त्याने विचारले, "किती पिस्टनचं बशीवलंस?"

"चार."

"मागं?"

"मागेही डिस्क."

"हात लेका!" त्याचे डोळे अगदी पहिल्यासारखे झाले. "अन् इंजिनचं कोन बघितलं?"

तुझ्यानंतर इंजिनला कोणी हात लावलेला नाही, तेल तेवढे बदलले आहे, असे सांगितले.

"आठ वर्सं हुबं ऱ्हायलेलं इंजिन, अन् तू एकशेसाठनं निघालास? येडा का खुळा? थांबायचं लई शिकलास, आधी जाशील का तितपर्यंत?"

ही गोष्ट माझ्या खरोखर ध्यानात आली नव्हती. मी इतके दिवस फक्त थांबण्याचाच विचार केला होता. संपतने दुपारीच दुकान बंद केले, स्वतःची स्कूटर मला चालवायला दिली आणि मागे बसून बिबवेवाडीला आला. बॉनेटवर डावा तळहात ठेवून त्याने इंजिन चालू करायला लावले. मग बेल्ट बदलला आणि टर्बोचा एक रबरी पाइप चिरलेला काढून दाखवला. जोर देताच तो फुटला असता. जड पाना त्याच्या उजव्या हाताला पेलत नव्हता, तो पूर्वाने फिरवला. तो सांगत होता, ती करत होती. मी नुसता बॅटरीचा उजेड धरून उभा होतो. घरी जाताना त्याने गाडीत बसून पेडल एकदा दाबला आणि बराच वेळ पाय तसाच ठेवला. मग म्हणाला, "बद्री, हे ब्रेक हायेत."

गाडी थांबल्यावर माझ्याकडे बघणारे कोणी नसे, असे मी कलम ४ मध्ये लिहिले आहे. ते मी खोडत नाही, पण आता ते तितकेसे खरे नाही.

कलम ९. दुरुस्ती.

कलम ७ रद्द समजावे. कारण त्यात लिहिलेले काम करायला मी मरण्याची गरज उरलेली नाही. गाडीचा अर्धा हिस्सा संपतचा आहे असा वेगळा कागद आज, शुक्रवारी, सोवनी वकिलांसमोर केला. ते दान नव्हे. त्याचे होते ते त्याच्या नावे झाले. माझा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात पूर्वाला. संपतच्या परवानगीशिवाय तिने इंजिनाला आणि तिच्या परवानगीशिवाय संपतने ब्रेकला हात लावू नये.

रविवारी कोण चालवणार, यावर आज वकिलांच्या जिन्यातच वाद झाला. मी म्हणालो, ब्रेक माझे. संपत म्हणाला, इंजिन माझे. पूर्वा म्हणाली, गणित माझे. शेवटी असे ठरले की पॅड रुळवण्याच्या दहा फेऱ्या पूर्वा मारील, एकशे साठची फेरी मी, आणि शेजारच्या सीटवर संपत बसेल. मी त्याला दोनदा विचारले की नक्की बसतोस का. तो म्हणाला, "मागल्या टायमाला बसलोच हुतो की. ती फेरी अर्धी ऱ्हायलीय."

कलम १०. व्यवस्था.

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व व्हावे हे बघण्याचे काम ॲड. सोवनी यांच्याकडे सोपवतो. साक्षीदार म्हणून माझ्या मनात गॅरेजशेजारचे दोन व्यापारी होते. पण संपतने पेन मागितले. वकील म्हणाले, "ज्याला कागदातून काही मिळणार त्याने साक्षीदार नसलेले बरे." संपत म्हणाला, "मला ह्या कागदातनं काय मिळतंय? माझं मला काल दुकानातच मिळालं." वकिलांनी कलम ९ पुन्हा वाचले, हरकत नाही म्हणाले आणि सोबत स्वतःही साक्षीला राहिले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत, आनंदाने, खाली सही करत आहे.

(सही) बद्रीनाथ नागोराव इंगोले

आम्हां दोघांच्या समोर श्री. इंगोले यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) यज्ञेश्वर सोवनी, वकील, बुधवार पेठ, पुणे. मृत्युपत्र करणाऱ्याशी संबंध: वकील.

साक्षीदार २: (सही) संपत बाळू धुमाळ, स्कूटर दुरुस्ती, कोथरूड, पुणे. मृत्युपत्र करणाऱ्याशी संबंध: भागीदार. (वकिलांनी आधी इथे 'परिचित' लिहिले होते. तो शब्द मी खोडला आहे. सं. बा. धु.)

ठिकाण: पुणे
दिनांक: २८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार